बंड्यांच्या रांगेतून चिखलीला

बुलढाण्याहून निघताना मेहुण्यांनी मला मोटारसायकल दिली आणि तिच्याबरोबर एक सूचना दिली. मोटारसायकल मी घेतली.

मेहुणे तिथे वकिली करतात. आगगाडी त्यांच्या गावाला येत नाही. मलकापूरला उतरून सर्व्हिस मोटारीने घाट चढावा लागतो, तेव्हा कुठे वकील आणि कचेऱ्या भेटतात. मला चिखलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे अध्यक्षपद लाभले होते. अध्यक्षांच्या हारतुऱ्यांवर मी पुण्यात बरेच विनोद केलेले आहेत. तरी हार वेळेवर गळ्यात पडावा म्हणून मी सकाळी आठालाच तयार होतो, हे इथे नोंदवलेले बरे.

"दाजी, आज चिखलीचा बाजार आहे," मेहुणे म्हणाले. "बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग लागेल. पोंगा वाजवू नका. खाली उतरा, इंजिन बंद करा आणि गाडी हाताने ढकला. प्रत्येक बंडीवाल्याला तोंडाने हाक द्या. तो उतरून बैलांची वेसण धरेल, मग पुढे सरका."

"आणि चाळीस बंड्या असल्या तर?"

"तर चाळीस वेळा उतरा."

मी हसलो. पुण्याच्या गर्दीत दोन वर्षे मोटारसायकल हाकलेल्या माणसाला हे शिकवावे!

गाव मागे पडले तसा मुलूख उघडा झाला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, पराटीची (कपाशीची) वेचून विरळ झालेली शेते, मध्येच एखादा कडुनिंब. कागदोपत्री हा मुलूख निजामाचा, कारभार नागपूरचा, कायदा इंग्रजांचा. रस्ता मात्र संपूर्णपणे बैलांचा आहे. तिसऱ्या मैलाच्या पुढे रांग लागली. कापसाने शिगोशीग भरलेल्या बंड्या एकीमागे एक, आणि समोरून आदल्या दिवशी माल घालून रिकाम्या परतणाऱ्या. मधे उरलेली जागा एका मोटारसायकलीपुरती होती, किंवा मला तशी वाटली.

पहिल्या पाच बंड्यांना मी नियमाप्रमाणे उतरलो. सहावीला घड्याळ पाहिले. सातवीपासून पोंगा वाजवू लागलो.

पोंग्याचा परिणाम उत्तम झाला. बंडीवाले दचकून कासरे ओढीत आणि वाट देत. डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर सोला टोपी. मला कोणी साहेब समजत असेल, या विचाराने मला मुळीच वाईट वाटत नव्हते. नाल्याच्या उतारावर एका बंडीला पांढरे, कोवळे बैल होते. मी अगदी त्यांच्या कानाशी पोंगा दाबला.

बैल उधळले. बंडी रस्ता सोडून चारीत गेली आणि कलंडली. कापूस धुळीत पसरला. एक बैल गुडघ्यावर पडला. उठला तेव्हा गुडघ्यातून रक्त येत होते. म्हातारा बंडीवाला आणि त्याची बायको कापसासकट खाली आली, म्हणून वाचली. मी ब्रेक दाबून कसाबसा उभा राहिलो. माझा फक्त गॉगल पडला.

पुढच्या-मागच्या बंड्या थांबल्या. माणसे उतरली, बंडी खांदे लावून उभी केली आणि कापूस वेचायला बसली. मीही बसलो. धुळीत पडलेल्या कापसातून काडी-कचरा काढणे फार सावकाशीचे काम आहे.

तेवढ्यात समोरून सायकलवर पोलीस शिपाई आला. त्याने आधी माझी टोपी पाहिली, सलाम केला आणि मग म्हाताऱ्याकडे वळला.

"काय बे बुढ्या, रस्ता तुह्या बापाचा हाय काय?"

"चुकी झाली, जमादार," म्हातारा हात जोडून म्हणाला. "निजलो होतो. बैलं बिचकले."

"निजला होता म्हंते!" त्याची बायको कापसातून उठली. "माह्या पुढं बसून चिलीम ओढून राह्यला होता थो! तुमी काऊन खोटं—"

"तू चूप राय," म्हातारा तिला म्हणाला.

"चाल मंग ठान्यात," शिपाई म्हणाला. "बंडी बी तथीच उभी राहीन."

बंडी ठाण्यात उभी राहिली तर त्या दोघांचा बाजार बुडणार होता, आणि बैलाच्या गुडघ्याला हळद लावायलाही कोणी नव्हते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. शिपायाने अदबीने विचारले, "सायेब, तुमचं काय म्हननं हाय?"

पोंगा मी वाजवला, एवढे तीन शब्द पुरे होते. मी म्हणालो, "जाऊ द्या. म्हातारा माणूस आहे."

शिपायाने मान डोलावली. म्हातारा पुढे आला, वाकला आणि म्हणाला, "उपकार झाले, सायेब."

माझ्याच चुकीची त्याला मिळालेली माफी त्याने अशी पदरात घेतली. कोर्टात निदान खोटे बोलावे तरी लागते; मला तेवढेही कष्ट पडले नाहीत. म्हातारीने माझा गॉगल उचलला, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला. "घ्या सायेब. आता तरी नीट दिसन."

चिखलीला मी तासभर उशिरा पोचलो. हार सुकलेला नव्हता. भाषण बरे झाले म्हणतात. रात्री मुख्याध्यापकांकडे ज्वारीची भाकर, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. पाण्याचे खापर ठेच्यावर फोडता आले.

दुसऱ्या दिवशी परतताना रिकाम्या बंड्यांची रांग माझ्याबरोबरच निघाली होती. मी इंजिन बंद केले आणि ढकलत, हाका देत निघालो. बंडीवाले हसत. "सायेब, पेट्रोल सरलं काय?" एकाने तर मागे बांधून ओढून न्यायची तयारी दाखवली.

दुपारी ती बंडी भेटली. बैलाच्या गुडघ्याला हळदीची चिंधी होती. तो लंगडत होता, पण चालत होता. म्हातारा उतरून वेसण धरून उभा राहिला.

"काका, काल चूक माझी होती," मी म्हणालो.

"मालूम हाय, सायेब. पन तुमी एक डाव आले अन् गेले. मले थ्याच शिपायाच्या रस्त्यानं रोज जा लागते."

"मंग सायेब, हे काल काऊन नाई सांगतलं?" म्हातारी बंडीतून म्हणाली.

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. मी गाडी पुढे ढकलली.

बुलढाण्याच्या अलीकडे पोलीस चौकी लागली. कालचा शिपाई ओट्यावर बसला होता. त्याने उठून सलाम केला. इंजिन बंदच होते, पाय जमिनीवर होते. थांबून पोंग्याचे सांगायला कसलीही अडचण नव्हती. मी सलाम घेतला आणि गाडी ढकलत पुढे गेलो.

"प्रवास कसा झाला, दाजी?" मेहुण्यांनी विचारले.

"सुखरूप," मी म्हणालो. आणि ते खरेच होते. मला कुठेही लागले नव्हते.