शेवटच्या ओळीतलं नाव

फोन आला तेव्हा मी ट्रकखाली होतो, ऑइल बदलत. हॉस्पिटलची बाई हळूहळू बोलली, लहान पोराला समजावतात तसं. मी म्हटलं, बाई, कळलं, बायको गेली माझी. मग हात पुसले आणि राहिलेलं ऑइल भरलं. गाडी नीट नसली की हिला खपायचं नाही. शनिवारी कुठल्या तरी जत्रेत गायचं असायचं आणि लोक थांबलेले असायचे...

त्याला तीन आठवडे झाले. इथल्या कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळाच्या पत्रकात तिच्या धाकट्या भावानं, अनंतानं, चार ओळी छापल्या : प्रेमळ गृहिणी आणि हौशी गायिका. अनंता शिकलेला आहे, औषधांच्या कंपनीत मोठा आहे. त्यानंच आम्हाला अमेरिकेत आणलं, ते उपकार मी मानतो. पण 'हौशी' मानत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, तरी बसलोय लिहायला. हिनं आठ वर्षं गाणी स्वतः रचली, स्वतः गायली, ताप अंगात घेऊन गायली. तिला हौशी म्हणायचं तर मग मी चाळीस वर्षं हौसेनं मशिनी दुरुस्त केल्या म्हणायचं.

इचलकरंजीत मी मागाचा फिटर होतो आणि ही कांड्या भरायची. इकडे आल्यावर मी फर्निचरच्या कारखान्यात लागलो, ही मोज्यांच्या गिरणीत. गिरणीत दिवसभर रेडिओवर कंट्रीची, म्हणजे इकडच्या खेड्यापाड्यातली गाणी. शेत गेलं, गाडी बंद पडली, नवरा पिऊन आला, आई आठवली. ही घरी येऊन म्हणाली, हे तर आपल्यातलंच आहे हो, नुसती पेटी नाही. शेजारच्या मशीनवर डोरिस म्हणून बाई होती, तिनं जुनी गिटार दिली आणि तीन कॉर्ड शिकवल्या. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. पन्नाशीच्या बाईची बोटं सोलून निघाली, पण सोडली नाही. इंग्रजीही ती रेडिओवरूनच शिकली. अनंताची मुलं इथं जन्मलेली, ती हिच्या बोलण्याला हसायची, आत्या इथल्या शेतकऱ्यांसारखी बोलते म्हणून. ही म्हणायची, मग कुणासारखी बोलू?

आता मुद्द्याचं. हिनं माझं नाव कधी घेतलं नाही. 'अहो' एवढंच. नाव घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघांत, शेवटी. तीच रीत तिनं गाण्यात नेली. एका गाण्याचा अर्थ सांगतो : गिरणीचा भोंगा झाला, भाकरी गार झाली, रस्त्यावर धूळ उठली, म्हणजे माझा धोंडीराम आला. सगळं इंग्रजीत आणि शेवटी धोंडीराम. त्याआधी ती थांबायची, पदर नीट करायची. साडी नेसूनच गायची. टोप्या घातलेले तंबाखूवाले शेतकरी त्या थांबण्यात पाय आपटायचे आणि तिच्याबरोबर ओरडायचे. कारखान्यात मला डॉन म्हणत, तिथं मी धोंडीराम.

अनंता म्हणाला, "ताई, लोक काय म्हणतील? भजन म्हण की."

"भजनात तुझे दाजी बसत नाहीत," ही म्हणाली.

मग नॅशव्हिलहून, म्हणजे या गाण्यांच्या पंढरीहून, बोलावणं आलं. कुणीतरी तिची कॅसेट तिकडे पोचवली होती. नऊ तास ट्रक चालवून गेलो. ऑफिसातला माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू. तीन गाणी त्याला आवडली. रेकॉर्ड काढू म्हणाला, तूच गा म्हणाला. फक्त शेवटचं ते नाव कुणाला म्हणता येणार नाही, तिथं जॉनी घाल. गाणं तेच राहील. आणि मी... मीच म्हणालो, घाल की, नावात काय आहे एवढं. मला तिची रेकॉर्ड पाहिजे होती. गिरणीतून तिची सुटका पाहिजे होती.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बूट बघायला लागलो. मग त्याला म्हणाली, "साहेब, हे नाव मी घेतलेलं आहे. ते बदलायचं तर नवरा बदलावा लागेल." तो हसला. ही हसली नाही. मग त्यालाही कळलं. उठून त्यानं तिचा हात हातात घेतला आणि दार उघडून धरलं.

येताना दोनशे मैल झाले. मग पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा म्हणाली, तुम्ही तरी असं म्हणायला नको होतं. बस्स. सोमवारी गिरणीत गेली आणि शनिवारी जत्रेत गायली, धोंडीरामासकट. लोक म्हणतात संधी घालवली. तिनं काही घालवलं नाही. घालवायला निघालो होतो तो मी.

अंत्यविधीला अनंतानं भजन ठेवलं होतं. ते झालं. मग डोरिस आणि गिरणीच्या दहा-बारा बाया उभ्या राहिल्या आणि हिचं गाणं म्हणाल्या. शेवटच्या ओळीआधी थांबल्या. मग माझं नाव घेतलं त्यांनी, वाकडंतिकडं. अनंतानं मान खाली घातली. पत्रक त्यानंतर आलं, म्हणून हे लिहावं लागलं.

तिची कॅसेट ट्रकमध्येच आहे. इकडे मला नीट धोंडीराम म्हणणारं आता कुणी उरलं नाही, ती कॅसेट सोडून. रोज सकाळी गाडी सुरू करतो, अंगणातच. कुठं जायचं नसतं. गाणं शेवटाला येतं, ती थांबते, बांगड्या वाजतात, पदर सारखा करते. चाळीस वर्षं मी तिला 'अगं' म्हणत आलो. नुसतं 'अगं'. आता तेवढ्या थांबण्यात मी म्हणतो, शकू.

मग ती माझं नाव घेते.