सरकारची इर्जिक

त्यांना काहीही दिलं, की ते आधी स्वतःचे खिसे चाचपायचे. कराडच्या आमच्या कचेरीत शिपायाने चहा पुढे केला, तर कपबशीला हात लावण्याआधी त्यांचा हात बंडीच्या खिशात जाई आणि टेबलावर मूठभर भाजक्या शेंगा पडत. "घ्या. आता पितो," असं म्हणून मगच ते बशी तोंडाला लावत. एकदा खिसा रिकामा निघाला. चहा तसाच ठेवून ते उठले आणि समोर पेरू विकणाऱ्या बाईकडून पेरू घेऊन आले. तोवर चहावर साय धरली होती. ती त्यांनी फुंकरीने बाजूला सारली आणि गार चहा चवीने प्यायले.

अशी घेताना अवघडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी शेजार उत्तम. सरकारी काम करायचं म्हटलं, की मात्र घाम फुटतो.

मी तेव्हा शेतकी खात्यात बांधबंदिस्तीचा ओव्हरसियर होतो. मूळचा वाईचा, कृष्णेच्या घाटावर पोहून शाळेत जाणारा. ताल कशाला म्हणतात हे मला नोकरी लागल्यावर कळलं. उताराच्या रानात पाणी आणि माती अडवायला दगडमातीचा आडवा बांध घालतात, ती ताल. लढाई संपली होती, धान्याची टंचाई संपली नव्हती आणि स्वराज्य दाराशी येऊन उभं होतं. सरकारने योजना काढली, की डोंगरउतारांवर ताली घालायच्या, निम्मा खर्च सरकारचा, निम्मा शेतकऱ्याचा. मलकापूरच्या पलीकडच्या एका गावचा उतार माझ्या वाट्याला आला.

त्या उताराच्या माथ्यावर यांचं रान होतं. गाव त्यांना तात्या म्हणायचं. नाव मी सांगत नाही. छापून आलं असतं तर त्याची परतफेड म्हणून त्यांनी छापखान्यात शेंगांचं पोतं पाठवलं असतं.

सगळा उतार योजनेला कबूल झाला. तात्या तेवढे म्हणाले, "मला नगं."

"का हो तात्या?"

"आजवर कुणाचं फुकाट खाल्लं न्हाई. आता म्हातारपणी सरकारचं खाऊ व्हय?"

"फुकट कुठं? निम्मं तुमचंच आहे."

"मग निम्मं फुकाट."

मी लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीची आठवण करून दिली. सरकार तुमच्या खळ्यावरून जोंधळा नेतं, तो साताऱ्या-सांगलीची माणसं खातात, मग तुमच्या तालीला सरकारने हात लावला तर बिघडलं कुठं?

"जोंधळ्याचं दाम दिलं न्हवं? ते फिटलं," ते म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

आमचे साहेब पुण्याचे. त्यांना ही हकिगत सांगितली तर ते खूश झाले. "अशी माणसं पाहिजेत. मदतीची सवय लागली की शेतकरी मिंधा होतो," असं म्हणाले. योजना त्यांच्याच सहीने चालत होती, हे ते त्या क्षणी विसरले असावेत. मला दोघांचाही राग आला. अहो, पाणी माथ्यावरून सुटतं. वर ताल नसेल तर खाली कितीही घाला, पहिल्या मोठ्या पावसात सगळ्यांची माती कृष्णेला मिळणार. एकाचा स्वाभिमान आणि दुसऱ्याचं तत्त्वज्ञान यांच्यात तो अख्खा उतार अडकला होता.

तात्यांनी ताल घातली, पण एकट्याने. आखणी तेवढी माझ्याकडून करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बिऱ्हाडी गुळाची ढेप आणून टाकली. ती परत पाठवताना माझ्या नाकी नऊ आले. सगळा उन्हाळा ते, त्यांची बायको आणि बैलजोडी, एवढ्यांनीच दगड ओढले. काम देखणं होतं. दगडावर दगड असा बसवला होता, की जाता-येता कुणीही थांबून पाहावं. पण दोन माणसांनी उरकायचं ते काम नव्हतं. पावसाळा तोंडावर आला तरी मातीचा भराव अपुरा होता आणि जादा पाणी काढून द्यायचा सांडवा राहूनच गेला होता.

आषाढात ताल फुटली. दगड आणि गाळ सुसाट खाली गेले आणि लगतच्या रानावर पसरले. ते रान त्यांच्या भावकीतल्या एका सुनेचं. नवरा पलटणीत, शेत तीच करायची. उगवून आलेला तिचा भुईमूग दगडाखाली गेला.

ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "पावसाफुडं कुणाचं काय चालतंय, मामंजी?"

भांडली असती तर तात्यांना बरं वाटलं असतं. स्वतःची फुटकी ताल तशीच टाकून ते पुढे सगळा पावसाळा तिच्या शेतातले दगड वेचत राहिले. सुगीला शेंगांची दोन पोती गाडीत घालून तिच्या दारात गेले. तिने ती उतरवू दिली नाहीत. "तुमी दगूड उचललं, तेवढं लय झालं. मला बी फुकाटचं नगं, मामंजी." ती काही टोमणा मारत नव्हती. ती त्याच घराण्यात नांदत होती, तेच वळण उचललं होतं. तात्या भरली गाडी घेऊन परत आले.

दिवाळीनंतर ते कचेरीत आले. चहा आला, शेंगा पडल्या, पण चहा प्यायलेच नाहीत.

"म्या द्याय गेलो तर ती घीना. लय वंगाळ वाटतं ओ, सायेब. माणूस हुंबऱ्यात हुबा आन् आपून म्हणायचं नगं." मग म्हणाले, "सरकारला बी तसंच वाटलं आसंल."

सरकारला काही वाटत नसतं, हे मी सांगणार होतो. त्यांचा चेहरा पाहून मी समोरची एक शेंग फोडली.

"सरकार इर्जिकेला येतंय का, इचारा," ते म्हणाले.

इर्जिक म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, तरी बाहेरच्यांसाठी सांगतो. एखाद्याचं काम अडलं, की भोवतालचे शेतकरी आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरतात आणि दिवसभरात काम हातावेगळं करतात. मजुरी नाही. मालकाने पोटभर जेवू घालायचं आणि पुढे ज्याचं काम अडेल त्याच्या रानात आपले बैल न्यायचे. या फेडीला पैरा म्हणतात. तात्यांच्या हिशेबाने सरकारचा निम्मा वाटा ही इर्जिक होती. तेव्हा सरकारने स्वतः यावं, दगडाला हात लावावा आणि जेवून जावं. एवढं कबूल असेल, तर माथ्याची ताल योजनेत घ्या.

साहेबांना हे सांगताना मी दाराच्या जवळ उभा होतो. ते हसू लागले आणि म्हणाले, "जेवायला काय आहे?"

इर्जिकेच्या दिवशी पोळ्या आणि गुळवणी होती. बैलजोड्या उतरल्या होत्या, माती ओढायच्या केण्या चालू होत्या. हाफपँट आणि टोपी घातलेले साहेब बांधावर येताच तात्यांनी विचारलं, "तुमीच सरकार न्हवं का?"

"मी सरकारचा नोकर," साहेब जपून म्हणाले.

"मग गडी धाडला म्हणा की. चालतंय. मालकाला सवड नसली तर गडी येतोच." आणि त्यांनी एक बरा दगड बघून साहेबांना दाखवला.

साहेबांनी तो उचलला. तालीपर्यंत नेताना दोनदा खाली ठेवला, पण नेला. नंतर खाली मांडी घालून गुळवणीत पोळी कुस्करून खाल्ली, आणि तात्या समोर उभे राहून वाढत होते. त्या दिवशी ती सून स्वतःचे बैल घेऊन आली होती. जेवणं झाल्यावर तात्यांनी तिच्या गाडीत शेंगांची पोती ठेवली. तिने या वेळी ती राहू दिली.

ताल झाली. पुढचा पावसाळा तिने झेलला आणि अख्खा उतार तिच्या आडोशाला उभा राहिला. गढूळ पाणी तालीमागे तुंबून हळूहळू जिरताना मी पाहिलं आहे. त्या एका दृश्यासाठी मला माझ्या खात्याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

खरी गंमत पुढेच झाली. पुढच्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या गावाच्या उतारावर काम लावलं, तर सकाळी तात्या बैलजोडी आणि केणी घेऊन हजर.

"तुम्ही इकडे कुठे?"

"पैरा फेडाय आलोय. सरकारचं काम हितं अडलंय न्हवं?"

त्यांना दिवसाचा रोज देऊ केला तर भांडायला उठले. जिथे काम लावावं, तिथे ते उन्हाळ्यात एकदा तरी यायचे, दिवसभर माती ओढायचे, त्या गावाकडून जेवण तेवढं घ्यायचे आणि परत जायचे. साहेब मला एकदा म्हणाले, "असा एखादाच. बाकीचे घेतील आणि विसरतील." असतीलही तसे. पण मी मनात म्हटलं, घेणारा मिंधा होतो तो देणाऱ्याच्या तऱ्हेमुळे. सरकार दारात उभं राहून भीक घातल्यासारखं देईल तर माणूस वाकेल. शेजाऱ्यासारखं रानात उतरेल तर तोच माणूस ताठ मानेने घेईल, आणि घ्यावंच त्याने. उताराचं पाणी एका घराच्या ताकदीने अडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तात्या एका हिवाळ्यात गेले. मला उशिरा कळलं. मी गेलो तेव्हा त्यांची बायको अंगणात शेंगा फोडत होती. तिने मला ओंजळभर दाणे दिले आणि माझ्याजवळ त्या दिवशी देण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात शिराळ्याकडे काम लागलं. गाव निवांत होतं. सरकारी काम आहे, होईल, अशा तऱ्हेने पुढारी मंडळी झाडाखाली बसली होती. दिवस वर आला तेव्हा खिंडीच्या वाटेने बैलगाड्या येताना दिसल्या. पहिली गाडी ती सून हाकत होती. शेजारी नुकताच पलटणीतून सुटून आलेला तिचा नवरा. मागे त्या उतारावरच्या बाकीच्या घरांच्या गाड्या. आदल्या दिवशी निघून, वाटेत मुक्काम करून आले होते.

"मामंजी एकलं येत हुतं," तिने खाली उतरत सांगितलं. "पर ताली आमच्या समद्यांच्याच झाल्यात न्हवं?"

मी नुसता हात करून उताराची वरची कड दाखवली. त्यांनी बैल जुंपले.

झाडाखालचा पाटील उठून माझ्याजवळ आला. केण्यांनी उठलेला धुरळा बघत हळू आवाजात म्हणाला, "ओ रावसाहेब, ह्या माणसांस्नी आमी काय द्यायचं?"

"आज जेवायला घाला," मी म्हटलं, "आणि पुढच्या उन्हाळ्यात बैल घेऊन निघा. गाव कुठलं ते मी कळवीन."