पाचव्या दिवसाची पाठवणी

या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

धारला एक निवृत्त शिक्षिका टाकून दिलेली मांजरं सांभाळतात. त्यांच्याकडची एक करडी मांजर मी देवासला आणायचं ठरवलं. माणसाची चाहूल लागली की ही बया कपाटामागे गडप व्हायची. तिच्या जोडीला एक पांढरी होती. दोघी नालछ्याच्या रस्त्यावर एकाच पोत्यात बांधून फेकलेल्या सापडल्या होत्या. फेकणाऱ्याचे हात झडोत! पांढरीनं ताटलीला तोंड लावलं की मगच करडी तिला चिकटून खायची. बाई म्हणाल्या, "ताई, दोघी साथच न्या. ही एकटी खाणार नाही, लिहून देते."

मी तिथूनच घरी फोन लावला. सासूबाई जुन्या दरबारी घराण्यातल्या, त्यांच्यासाठी रीत म्हणजे रीत. म्हणाल्या, "दोन दोन मांजरं घरात नकोत. पांढरी पाठराखीण म्हणून येऊ दे. नव्या नवरीच्या सोबतीला येते ना, तशी. पाचव्या दिवशी तिची पाठवणी करू." मला ते इतकं गोड वाटलं की मी हसत हो म्हणाले. बाईंना मात्र यातलं अवाक्षरही सांगितलं नाही. तिथंच माती खाल्ली.

चार दिवस दोघी दिवाणाखाली राहिल्या, पण पोटभर जेवल्या. पाचव्या दिवशी सासूबाईंनी पांढरीला चक्क कुंकू लावलं, आणि मी शहाणी तिला टोपलीत घालून धारला सोडून आले. दारातच बाई कडाडल्या, "दिमाग फिरलाय का तुमचा? मी काय सांगितलं होतं?" मी रीत समजावू लागले, तर टोपली हिसकावून घेऊन त्यांनी दार लावलं.

त्या दिवसापासून करडीनं अन्न सोडलं. दूध दिलं, मासे दिले, पण तिनं मानसुद्धा वळवली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मांजर अशी उपाशी राहिली तर तिचं यकृत जातं. आता उशीर करू नका." घरी आले तर सासूबाई शांतपणे वाती वळत होत्या. "रुळेल. सगळ्याच रुळतात," म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. "नवरी नाहीये ती, आई! मरेल ती!" मी एवढ्यांदा ओरडले की शेजारीण गॅलरीत आली. येऊ दे, म्हटलं.

इंदूरला बस बदलून दुपारी धारला पोहोचले. हात जोडले. बाईंनी पांढरी दिली, पण बजावूनच, "वापस आणली तर उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही."

घरी टोपली उघडताच पांढरी थेट दिवाणाखाली शिरली. मी ताटली आत सरकवली. पांढरी खाऊ लागली. बऱ्याच वेळानं तिच्या शेजारी करडं तोंड दिसलं. मी फरशीवर बसून भडाभडा रडले, आणि रडतानाही रागच येत होता.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "माझ्याबरोबर धाकटी बहीण आली होती," त्या म्हणाल्या. "पाचव्या दिवशी नेली तिला. मग किती दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी किंचाळलेच.

"होतं," त्या म्हणाल्या. "पण माझी कुणी परत आणली नाही."