फिट्टिपल्लीची चादर

कुंडलिकनं जन्मात मोटार चालवली नव्हती. त्याच्याकडं एक सायकल होती, आणि तिचा ब्रेकसुद्धा चप्पल रस्त्याला घासून लागायचा. पण शर्यतीच्या मोटारींबद्दल त्याच्याइतकं ठाऊक असणारा दुसरा माणूस त्या काळी सोलापुरात असला, तर त्यानं खुशाल पुढं यावं. कुठल्या गाडीत कोण बसतो, कोण कुणावर रुसलाय, पुढच्या वर्षी कोण कुठली गाडी सोडणार, हे सगळं त्याला पाठ. बायकोच्या माहेरची नावं मात्र दर खेपेला चुकायची.

भवानी पेठेत नरसय्यांचा चादरींचा कारखाना होता. आठ माग. तिथं कुंडलिक पुठ्ठे पाडायचा. चादरीवर मोर उमटतो, फुलं उमटतात, नवरा-नवरीची नावं उमटतात, ती काय धोट्याला आपोआप सुचतात होय? आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढायचं, मग त्याबरहुकूम एकेका पुठ्ठ्याला भोकं पाडायची, आणि असे शेकडो पुठ्ठे ओळीनं ओवून मागाच्या डोक्यावर चढवायचे. भोकं चुकली की मोराला दुसरी चोच फुटते. कुंडलिकच्या हातून पंधरा वर्षांत एकाही मोराला ती फुटली नव्हती. आपल्या गावाहून, करकंबहून, तो सोळाव्या वर्षी आला, तेव्हा नरसय्यांनी स्वतः शेजारी बसवून त्याला हे काम शिकवलं. आता ते पेठेत ऐकवायचे, "माग काय, आठ हायत. कुंडलिक एकच की."

मोटारींचं हे खूळ आलं रद्दीतून. चादरी बांधायला रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात एकदा मोटारींचं इंग्रजी मासिक निघालं. वर लाल-पांढरी गाडी, खाली ती चालवणाऱ्याचं नाव. चादरीवर लोक हौसेनं इंग्रजी नावं घालून घेत, त्यामुळं कुंडलिकला ती अक्षरं ओळखता यायची. त्यानं एकेक अक्षर जुळवत वाचलं, "फिट-टि-पाल-डी."

नरसय्या हिशेबाची वही बाजूला सारून म्हणाले, "काय म्हणालास? फिट्टिपल्ली? अरे, हा आमच्यातला हाय की."

झालं. नरसय्या मूळचे तेलुगू. त्यांच्या भाषेत पल्ली म्हणजे गाव, आणि पल्लीवाली आडनावं तर तेलंगणात पैशाला पासरी. नरसय्यांच्या आई सावित्रम्मा सुतावरून मान वर करून विचारत्या झाल्या, "ए ऊरू?" म्हणजे गाव कुठलं. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात कारकून असलेला हणमंत रोज संध्याकाळी कारखान्याच्या ओट्यावर चहाला यायचा. सगळ्यांत बरं इंग्रजी त्याचंच. त्यानं मजकूर वाचून सांगितलं की हा गडी ब्राझीलचा आहे आणि दोनदा जगज्जेता झालाय. नरसय्यांवर काडीचा परिणाम झाला नाही. "आमची माणसं पोटासाठी कुटंकुटं गेली. मी न्हाय का सोलापुरात आलो?"

त्या दिवसापासून हणमंतनं रद्दीवाल्याला सांगूनच ठेवलं. मुंबईच्या गठ्ठ्यातून मासिक निघायचं ते दोन-तीन महिने शिळं, पण ओट्यावर ते ताजंच. शर्यती संपल्या की खरी मजा सुरू व्हायची. कुंडलिक खडूनं भिंतीवर गाड्या मांडायचा, एकेका मालकाच्या गाड्या दोन म्हणून प्रत्येकीपुढं दोन नावं, आणि मग पुढच्या सालची वाटणी चालायची. याला त्या गाडीतून काढ, त्याला इकडं बसव. मुलीला स्थळं बघावीत तशी ही माणसं गाड्यांना चालवणारे बघत. चहा निवून जायचा तरी कुणाला भान नसायचं.

पंच्याहत्तरच्या दसऱ्याला करकंबहून रामहरीचं पत्र आलं. रामहरी म्हणजे कुंडलिकचा धाकटा भाऊ. त्यानं गावात पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुने माग बसवले होते. लिहिलं होतं, "दादा, माग बसवले. पन पुठ्ठे पाडनारं कुनी न्हाय. तू आलास तर हे उभं राहील. न्हायतर बसवलेलं काढावं लागंल."

कुंडलिकनं पत्र खिशात घातलं आणि त्याची झोप उडाली. जावं तर नरसय्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? ज्यानं हातात काम दिलं, लग्नात बापाच्या जागी उभा राहिला, त्याला म्हणायचं की मी चाललो? आणि न जावं तर भाऊ एकटा पडतो. तो दिवसभर मूग गिळून भोकं पाडत बसायचा.

अशात एका संध्याकाळी हणमंतनं वाचून दाखवलं की फिटिपाल्डीच्या सख्ख्या भावानं स्वतःची गाडी काढलीय. पैसा तिकडच्या साखर संघाचा. गाडी अशी, की वर्षभर मागून तरी आली नाहीतर मधेच बंद तरी पडली.

कुंडलिकचा खडू हातातच राहिला. "साखर संघ म्हंजे आपल्या कारखान्यांसारखंच की."

"तसंच काहीतरी," हणमंत म्हणाला.

उसाच्या गावचा माणूस तो. भाऊ, साखर, नवी गाडी, सगळं ओळखीचं निघालं. कुंडलिक वळला, लाल-पांढऱ्या गाडीपुढचं नाव पुसलं आणि पार तळाशी, भावाच्या गाडीपुढं लिहिलं. "पुडच्या साली हा हितं बसनार."

हणमंत हसून हसून बेजार झाला. "डोकं फिरलंय काय तुझं? दोनदा जगज्जेता माणूस. पयली गाडी सोडून शेवटच्या गाडीत जाईल?"

"जाईल. भावानं बोलावलं तर जाईल."

हे तो इतक्या जोरात म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण मनाशी त्यानं त्याच घटकेला ठरवून टाकलं. फिटिपाल्डी गेला तर आपणही जायचं. नाही गेला तर रामहरीला नकार लिहायचा. एवढा मोठा माणूस जे करील ते चूक कसं असेल? आता कुणाला हा वेडेपणा वाटेल. वाटू दे. ज्याला दोन्हीकडून ओढ लागते त्याला कुठंतरी कौल लावावाच लागतो.

मग कुंडलिकनं पुठ्ठे पाडायला घेतले. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की माग बंद राहायचे, तेवढ्यात एक माग मिळाला तर त्याला गाडीची चादर विणायची होती. नरसय्या म्हणाले, "घे की. आमच्या माणसाची चादर हाय." त्यांनी चौकटीच्या कागदावरचं चित्र बघितलं. मधोमध लांबुडकी गाडी, खाली नाव, आणि चारी काठांना ऊस. कांड्याकांड्यांचा, पानांसकट. नरसय्या उसाकडं बराच वेळ बघत राहिले, आणि लाल सुताच्या कांड्या काढून देऊन गेले.

संक्रांतीला सगळी पेठ जत्रेला लोटली होती आणि हा इकडं माग चालवत होता. धोटा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. आधी चाकं आली, मग नाक, मग नावाची अक्षरं. कुंडलिकचं काळीज असं धडधडत होतं की जणू गाडी हाच चालवतोय. चादर उतरली तेव्हा एकही भोक चुकलेलं नव्हतं. पण भाकीत चुकलं तर? पेठेत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, कारण हणमंतनं ही गोष्ट बुकिंगच्या खिडकीवर येणाऱ्या उतारूंनासुद्धा सांगितली होती.

फेब्रुवारीत, एका सुट्टीच्या सकाळी, हणमंत मासिक घेऊन आला. ओट्यावर बसला. पानं उलटली. चहा मागवला. मुद्दाम चष्मा पुसला.

"हणमंता, वाच की लेका," कुंडलिक म्हणाला.

हणमंत मनातल्या मनात वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. त्यानं सावकाश मासिक खाली ठेवलं. "गेला रं. भावाकडं गेला."

ओट्यावर जी धमाल उडाली ती काय सांगावी. मागवाले उठून आले, कुणी कुंडलिकच्या पाठीत धपाटे घातले, कुणी चादर बाहेर आणून भिंतीवर टांगली. हणमंतनं स्वतःच्या हातानं त्याला चहा दिला. एवढ्या दूरच्या माणसाच्या मनातलं या बेट्याला कळलं कसं, याचाच जो तो अचंबा करत होता. कुंडलिक हसत होता आणि डोळे पुसत होता.

गलका ओसरल्यावर तो नरसय्यांपुढं उभा राहिला. रामहरीचं पत्र घडीवर फाटायला आलं होतं. ते पुढं करून त्याला एवढंच म्हणता आलं, "मालक, मलाबी..."

"ठावं हाय," नरसय्या म्हणाले. "काठाला ऊस घातलास तवाच कळलं. शर्यतीच्या गाडीला ऊस कशाला लागतो रं?" आणि ते हणमंतकडं वळले. "फिट्टिपल्लीच्या जागी कोण बसला?"

"हंट म्हणून कोण हाय. त्याच्या मालकाकडचा पैसा संपला, गाड्या बंद झाल्या. बिनकामाचा फिरत होता, त्याला घेतला."

"मग मलाबी असाच कुनीतरी हुडकावा लागंल." नरसय्या उठले. त्यांनी भिंतीवरची चादर काढली आणि कुंडलिकच्या खांद्यावर घातली. हणमंत पुटपुटला की निदान आता तरी माना, तो ब्राझीलचा आहे, तुमचा कुणी नाही. नरसय्यांनी चादरीची घडी नीट केली.

"भावाकडं गेला, म्हंजे आमचाच की."

कुंडलिक करकंबला गेला. महिन्याभरात नरसय्यांना बंद पडलेल्या एका कारखान्यातला माणूस मिळाला. इकडं करकंबला मात्र पहिलं वर्ष फार वाईट गेलं. जुने माग, दर दोन दिवसांनी काहीतरी तुटायचं. चादरी तिरक्या यायच्या. वर्षभरात मोठ्या ऑर्डरी आल्या त्या तीन. पण सकाळी शेडमध्ये दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले की कुंडलिकला पहिल्या दिवसासारखाच हुरूप यायचा. भिंतीवर ती लाल-पांढरी चादर होतीच.

सत्त्याहत्तर साली शिमग्याच्या सुमारास पोस्टकार्ड आलं. अक्षर हणमंतचं, बोल नरसय्यांचे. "आशीर्वाद. सगळ्या शर्यतींचा हिशेब आला. हंट जगज्जेता झाला. आमचा नवा माणूसही बरा आहे, मोराला अजून दुसरी चोच फुटली नाही. फिट्टिपल्लीला वर्षभरात गुण मिळाले तीन. तुमची गाडी कितवी आली ते कळवणे."

कुंडलिक मोठमोठ्यानं हसला. रामहरीला कार्ड वाचून दाखवलं, तोही हसला. मग कुंडलिकनं खडूनं पांढरे झालेले हात धोतराला पुसले आणि त्याच दुपारी उत्तर टाकलं.

"मालकांस दंडवत. गाडी लई मागं हाय. बंदबी पडते. आमी दोघं उतरून ढकलतो."