भीती दोन, याद दहा

ग्रीसचा वास आला की बाबांची वही आठवते. भिलाईत ते क्रेन चालवायचे. त्यांचा जोडीदार क्रेनच्या शिडीवरच छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून पहिल्याच पायरीवर बाबांची छाती धडधडायची, तपासणीत काहीही निघालं नव्हतं तरी. सिविक सेंटरजवळच्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, “धडधडणं म्हणजे मरण नव्हे, हे स्वतःच पडताळा. रोज एक पायरी जास्त चढा, दहापैकी भीती किती ते लिहा.” महिन्याभरात बाबा वर केबिनमध्ये पोहोचले. वहीत ग्रीस लागलेल्या बोटांनी लिहिलेलं होतं: भीती दोन, याद दहा. मी म्हटलं, “मॅडमले यादेचंही सांगा ना.” “कावून? भीती उतरवाची होती, उतरली. याद थोडीच उतरवाची हाये!” बाबा आता रिटायर झालेत. परवा विचारलं, “आता किती?” म्हणाले, “दहाच.”