दुरुस्तीला आलेला आवाज

प्रभाकर गेला त्याच्या आधीच्या रविवारची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. लकडगंजातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत तो उशीला टेकून बसला होता. मी चहा दिला. एक घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं. "मास्तर, साखर काहून नाही टाकली गा?" आणि काही विचार न करता माझ्या तोंडून निघून गेलं, "मी गोड बोलतो ना, त्याच्यासंग पी." त्याची बशी ओठापाशी थांबली. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो... मग तो हसायला लागला, खोकला येईस्तोवर हसला. "आलं गा ते," म्हणाला, "चोवीस वर्षं वाट पाहाले लावली." पाचव्या दिवशी तो गेला. वय बावन्न.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा पहिल्या ओळीत 'माझे मित्र' असं लिहिलं आणि खोडलं. मग 'स्नेही' लिहिलं, तेही खोडलं. शाळेत मी मुलांना व्याख्या पाठ करायला लावायचो, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा असा अडलो. सरळ सांगतो. माझं त्याच्यावर प्रेम होतं, त्याचं माझ्यावर होतं, आणि आम्ही चोवीस वर्षं एका घरात राहिलो. ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी खुशाल उलटावं.

प्रभाकरचं इतवारीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं. मी खापरखेड्याच्या कॉलनीतल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. शनिवारी अर्धी शाळा असे, ती सुटली की बस धरून थेट त्याच्याकडे. त्याची एक रीत होती. दुरुस्त केलेला संच तो लगेच देत नसे. मागचं झाकण काढून एक अख्खी दुपार चालू ठेवायचा. गिऱ्हाईक कितीही उतावीळ असो, "आजारातून उठलेल्या माणसाले लगेच पळवत नाहीत," हे ठरलेलं उत्तर.

चोवीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी मी मात्र वेगळ्याच कामानं गेलो होतो. वडिलांनी आर्वीची मुलगी ठरवत आणली होती आणि दुसऱ्या दिवशी बघायला जायचं होतं. मी हो म्हणणार होतो. धीर नव्हता, दुसरं काही नाही. प्रभाकरला सांगितलं. तो हातातल्या कामावरून मान वर न करता म्हणाला, "जा ना गा. मी काय तुले बांधून ठेवलं?" पण एकाच तारेला तो तिसऱ्यांदा डाग देत होता, ते मला दिसत होतं.

बाकावर एका धान्यवाल्याचा जुना संच दुपारपासून खरखरत होता. काटा पार टोकाला गेलेला, जिथं कुठलंही केंद्र लागत नाही. खरखर अचानक थांबली आणि दोन म्हाताऱ्यांचे घोगरे आवाज आले. "मास्तर, साखर काहून नाही टाकली गा?" "मी गोड बोलतो ना, त्याच्यासंग पी." मग कपबशीचा आवाज, एक हसू, खोकला. आणि आतली काचेची नळी फट्‌दिशी गेली.

आवाज म्हाताऱ्यांचे होते, पण आपला आवाज माणसाला कळतो, आणि ज्याचा हवा असतो त्याचा तर जास्तच कळतो. नवी नळी घालून प्रभाकरनं सबंध आठवडा काटा तिथंच ठेवला. पुन्हा काही आलं नाही. धान्यवाला संच घेऊन गेला, त्याची कधी तक्रार नव्हती. मी पुढं कितीतरी वर्षं पुस्तकं धुंडाळली. लहरी कशा परततात, कुठून कुठं जातात, वह्या भरल्या. प्रभाकर म्हणायचा, "तू शोध, मी चहा मांडतो." आम्ही दोघांनी एकच चूक केली. आवाज घोगरे, म्हणजे आपण ऐंशीचे तरी होणार, असं धरून चाललो. त्याची तंबाखू आणि माझं रोजचं वर्गात ओरडणं आम्ही हिशेबात घेतलंच नाही.

आर्वीला मी गेलो नाही. वडील सात वर्षं बोलले नाहीत. प्रभाकरची थोरली बहीण विमलताई पलीकडच्याच गल्लीत राहायची. आमच्या घरी ती कधी आली नाही. कोणी विचारलं की सांगायची, "खोल्या भावाच्या आहेत, मास्तर भाडेकरू आहेत." मला ते रोज टोचायचं. प्रभाकर म्हणायचा, "म्हणू दे, एक दिवस थकन." मला मात्र भीती एकच होती. हा आधी गेला, तर त्याच्या माणसांत मी कोण म्हणून उभा राहू?

ती वेळ आलीच. विमलताईनं त्याला आपल्या घरून न्यायला लावलं. मी भाडेकरूसारखा मागं मागं चाललो. घाटावरून परतल्यावर तिच्या सासरकडची मंडळी कडू घास घेऊन आली. आमच्याकडे त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. सोयरे जेवण आणतात आणि ज्याचं माणूस गेलं त्याला पहिला घास भरवतात. मी दारात, चपलांपाशी बसलो होतो. घास सुरू होणार म्हणून उठलो, आपलं इथं काय काम म्हणून.

ताईच्या मोठ्या जाऊबाईंनी पिठलं-भाकरीचा घास तिच्या तोंडाशी नेला. ताईनं त्यांचा हात धरला. "पहिला मले नाही. मास्तरले द्या."

"काहून वं? ते तं भाडेकरू होते ना?"

"नव्हते," ताई म्हणाली. "मीच तसं म्हणत होती." आणि जाऊबाईंच्या हातातला घास स्वतः घेऊन ती सगळ्यांच्या मधून दारापर्यंत आली. "बसा. तुमचं माणूस गेलं."

मी खाली बसलो आणि तोंड उघडलं.