यन्नम मॅडम आणि पिवळं विमान

जे विमान कधी लढाईत उतरलंच नाही, ते समोरच्याच्या रडारला किती अंतरावरून दिसलं असतं? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. गेले काही महिने तो माझ्या टेबलावर आहे, आणि श्रीमती भाग्यलक्ष्मी यन्नम यांच्या साठीनिमित्त लिहायला बसले तरी बाजूला सरकत नाही. म्हणून त्याच्यासकटच लिहिते.

मॅडमना बहुतेक वाचक तंत्रनिकेतनातल्या शिक्षिका म्हणून ओळखतात. अभियांत्रिकी रेखाटन हा रुक्ष विषय त्यांनी कसा शिकवला, हे त्यांचे विद्यार्थी या गौरवग्रंथात सांगतीलच. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. माझा संबंध त्यानंतरच्या कामाशी. शुक्रवार पेठेतली त्यांच्या सासऱ्यांची मागाची शेड रिकामी झाल्यावर मॅडमनी तिथे संगणक मांडले. तिथे आम्ही सहाजण व्हिडिओ गेमसाठी विमानं बनवतो. परदेशातली एक कंपनी लढाईचा खेळ चालवते. त्यातल्या काही विमानांचे आकार आमच्याकडे घडतात. विमान किती वेगानं चढतं, किती झटकन वळतं, रडारला कधी दिसतं, हे आकडेही आम्हीच सुचवतो.

पहिली भेट मुलाखतीची. मी नुकती पदवी घेतली होती, आमच्या घरातली पहिलीच. मॅडमच्या टेबलावर चहाची किटली होती. ‘ही खालून कशी दिसेल ते काढ,’ त्या म्हणाल्या. मी छायाप्रकाशासकट मन लावून काढली. मॅडमनी किटली उलटी केली. तळाला भोक बुजवण्यासाठी हा एवढा कथलाचा डाग देऊन घेतलेला होता.

‘चित्र सुरेख आहे. पण किटली उचलून बघायला कुणी मनाई केली होती का?’

‘नाही मॅडम.’

‘मग?’

मी किटली हातात घेऊन तळ बघितला. ‘उद्यापासून ये,’ त्या म्हणाल्या, ‘उचलून बघायची सवय लावू.’

शेडमधला मुख्य नियम त्यांच्या माहेरचा आहे. त्यांचे वडील चादरींची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढत. व्यापाऱ्यानं पसंत केलेला भाग लाल, आणि ज्याबद्दल अजून काही ठरलेलं नाही तो पिवळा. पिवळा चौकोन मागावर चढवायचा नाही, अशी घरची शिस्त होती. मॅडमनी ती विमानांना लावली. ज्या भागाचा फोटो किंवा आराखडा मिळाला तो राखाडी. जो आम्ही तर्कानं बनवला तो पिवळा. पुरावा मिळाला की पिवळा पुसायचा. सुरुवातीला मला हे शाळकरी वाटायचं. पण आपल्याला काय माहीत नाही ते सतत डोळ्यांसमोर राहिलं की माणूस बोलताना जपून बोलू लागतो, हे हळूहळू लक्षात आलं.

माणसांच्या बाबतीतही मॅडम अंदाजावर राहत नाहीत. माझ्या घरच्यांना माझं काम मान्य नव्हतं. माढ्याजवळच्या आमच्या गावात ‘पोरगी खेळ करती’ एवढंच पोचलं होतं. मी कसं समजवावं या विचारात असतानाच एका रविवारी मॅडम लॅपटॉप घेऊन माझ्याबरोबर बसमध्ये बसल्या. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आईवडिलांना विमान उडवून दाखवलं.

‘एवढं शिकीवलं ते खेळ करायला व्हय?’ दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं. मग म्हणाले, ‘पगार म्हैन्याच्या म्हैन्याला हाय न्हवं?’

‘आहे,’ मॅडम म्हणाल्या.

‘मग करू द्या की.’

आई मात्र पडद्याकडे बघत होती. ‘लढाई म्हंता मॅडम, मग ह्यात मरतं कोण?’

मला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत. ‘कुणी मरत नाही ताई, पडलेला परत उठतो. पण तुम्ही विचारलंत ते बरं झालं. आमच्याकडे हे कुणी विचारतच नाही.’

‘परत उठतो? लई सोपी हाय की मग तुमची लढाई!’

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की ज्या नकाशात खाली खऱ्या गावांची नावं आणि घरं असतील, त्यावर बॉम्ब टाकण्याचं काम आपण घ्यायचं नाही. तेव्हापासून घेतलेलं नाही.

आता त्या विमानाबद्दल. रडारला चकवू शकेल असं एक लढाऊ विमान एका देशानं चाचणीपुरतं बनवलं होतं. नमुना म्हणून एकच. ते थोडंफार उडालं आणि मग बेत गुंडाळला गेला. खेळणारे लोक कित्येक दिवस ते मागत होते. कंपनीनं काम आमच्याकडे दिलं. फोटो मिळाले ते नाकाचे, पाठीचे आणि डाव्या बाजूचे. पोट कुणी दाखवलेलंच नव्हतं. काम पुरं होत आलं तेव्हा वरून राखाडी असलेलं ते विमान उलटं केलं की अख्खं पिवळं दिसे.

आणि ते तसंच गेलं. आमचा सहकारी इम्रान यानं फाइल पाठवली. पाठवताना आम्ही खुणेचा पिवळा थर काढून टाकतो, तो काढायचा राहून गेला. कंपनीला वाटलं, चाचणीच्या विमानाचा हाच खरा रंग. त्यांनी मोठ्या थाटात चित्र जाहीर केलं. दोन दिवसांत खेळणाऱ्यांमध्ये त्या पिवळ्या पोटामागच्या कारणांवर वाद रंगले. कुणी म्हणे, जमिनीवरून ओळखू यावं म्हणून. कुणी म्हणे, उष्णता अडवणारा लेप आहे.

‘मॅडम, पब्लिक बोल्तै येच असली कलर है,’ इम्रान रडवेल्या चेहऱ्यानं म्हणाला. ‘एकने तो वैसा शर्ट भी छपवा लिया. अब क्या करना?’

‘शर्ट चांगला असेल तर तुझ्यासाठी एक मागव,’ मॅडम म्हणाल्या, ‘आणि कंपनीला खरं लिही. पिवळं म्हणजे आम्हाला माहीत नाही.’

त्याला एक शब्दही त्या वेडावाकडा बोलल्या नाहीत. पत्र मात्र स्वतःच्या सहीनं गेलं. विमान राखाडी करून दिलं, आणि खेळात त्याच्या माहितीखाली एक ओळ घालायला लावली: प्रायोगिक विमान, पोटाचा आकार आणि क्षमता अंदाजे. कंपनीनं तेव्हा ती मान्य केली.

अडचण पुढे आली, ती क्षमतेची. हे विमान अगदी जवळ येईपर्यंत रडारला दिसूच नये, असा कंपनीचा आग्रह होता. मॅडमनी आधी खेळून बघायला सांगितलं. मी ते विमान घेतलं, इम्राननं साधं. चार वेळा तो पडला.

‘नजरच नै आता मॅडम! मैं लडूं किस से, हवा से?’

‘आणि हिला काय वाटतंय?’

‘इसकू तो मजाच मजा.’

‘मग हा एकटीचा खेळ झाला,’ मॅडम म्हणाल्या. ‘खरं काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. निदान दोघांना खेळता येईल असं ठेवू.’

मी म्हटलं, ‘मॅडम, हाही आपला अंदाजच झाला ना?’

‘हो. म्हणून तर ती ओळ हवी.’

मॅडमनी साठीला कामातून बाजूला व्हायचं आधीच ठरवलं होतं आणि शेडची जबाबदारी माझ्याकडे सोपवली. त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला. नव्या विमानाचं आकर्षण राहायला हवं. ते जवळजवळ अदृश्य करा आणि ‘अंदाजे’ची ओळ काढा, नाहीतर पुढची विमानं दुसरीकडे देऊ. आमचं निम्म्याहून जास्त काम याच कंपनीचं आहे. सहा घरं त्यावर चालतात.

मी निरोप घेऊन मॅडमच्या घरी गेले. त्या शेंगाची चटणी कुटत होत्या. मी फोन पुढे केला, पण त्यांनी तो हातात घेतला नाही.

‘हे आता तुझ्या टेबलावरचं आहे. मी सांगितलं तर तू तसंच करशील, आणि मग ते माझंच राहील.’

‘मग तुम्हाला विचारू की नको?’

‘ही चटणी इम्रानला दे. तिखट कमी घातलंय म्हणावं, उगीच आधी पाण्याची बाटली शोधू नकोस.’

उतरताना जिन्यात मला त्यांचा थोडा राग आला होता, हे इथे लिहायला हरकत नाही. गौरवग्रंथात अशी वाक्यं नसतात, पण पूज्य माणसांबद्दल फक्त गोड लिहिणं हे मॅडमच्या शिस्तीत बसणारं नाही.

मॅडमना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांचे गुडघे जिना चढू देवोत, डोळे बारीक रेघ पाहू देवोत, आणि शेडमध्ये अधूनमधून येऊन आमच्या चुका काढण्याची त्यांची हौस पुढची पंचवीस-तीस वर्षं कमी न होवो. आम्हा सहाजणांची आणि माढ्याकडच्या माझ्या आईवडिलांचीही हीच इच्छा आहे.

परवा दुपारी मी ते विमान कंपनीकडे पाठवलं. दोन्ही बाजूंना खेळता येईल इतकं ते रडारला दिसतं, आणि माहितीखालची ओळ आहे तशी आहे. पाठवण्याआधी बाकीच्या चौघांना आणि इम्रानला समोर बसवून कंपनीचं काम हातचं जाऊ शकतं ते सांगितलं. पाचहीजण हो म्हणाले. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. मॅडमना मी विचारलं नाही. त्यांना हे इथेच वाचायला मिळेल.